केयुनिटच्या लॉगमध्ये बदलता प्रिफिक्स: दिसत नाही, चुकीचा दिसतो, की पार्सर बिघडवतो?

केयुनिट ही लिनक्स कर्नलच्या टेस्ट चालवणारी चौकट. त्यात वीस पॅरामीटरची एक टेस्ट चालवली, त्यातला एक पडला, आणि लॉगमध्ये वीसही वेळा एकाच नावाची ओळ. कुठल्या पॅरामीटरचं बोलणं चाललंय ते कळेना, म्हणून कोणीतरी ओळीला प्रिफिक्स जोडतं. मग तीनपैकी एक गोष्ट होते. प्रिफिक्स उमटतच नाही. किंवा उमटतो, पण मागच्या पॅरामीटरचा. किंवा अगदी झकास उमटतो आणि केयुनिटचं पायथन टूल (केयुनिट.पाय, त्यातला पार्सर लॉग वाचून निकाल काढतो) सांगतं की टेस्टच गायब आहेत. टीममध्ये नवा माणूस आला की हे तिन्ही प्रकार पुन्हा विचारले जातात, म्हणून सगळं एकत्र लिहिलंय.

फंक्शन आणि मॅक्रोची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. कोडमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग. बीटी_ने सुरू होणारी नावं उदाहरणातली, आपण स्वतः लिहायची.

चाकण-भोसरीच्या गाड्यांच्या कामामुळे पुण्यात कॅन बसच्या (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती लाइन) ड्रायव्हरवर हात बसलेले लोक बरेच, तेव्हा उदाहरण तेच घेऊ. कंट्रोलरचे पाच क्लॉक: ८, १६, २४, ४० आणि ८० मेगाहर्ट्झ. प्रत्येकाला चार बिटरेट: १२५, २५०, ५०० किलोबिट आणि १ मेगाबिट. झाले वीस पॅरामीटर. २४ मेगाहर्ट्झवर प्रिस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ३ धरला तर ५०० किलोबिटच्या एका बिटाचे १६ भाग पडतात, चौदाव्या भागानंतर सॅम्पल घेतलं की ८७.५ टक्के, कर्नल हाच आकडा ८७५ असा लिहितो. टेस्ट पडल्यावर लॉगमध्ये दिसतं ते एवढंच:

    # बिटटायमिंग_टेस्ट: सॅम्पल पॉइंट ८५० आला, ८७५ हवा होता

केयुनिट_इन्फो, केयुनिट_वॉर्न आणि केयुनिट_एरर हे तिन्ही मॅक्रो ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस, हॅश आणि टेस्टचं नाव घालतात. पॅरामीटर बदलला तरी टेस्टचं नाव तेच राहतं. पॅरामीटरचं नाव येतं ते निकालाच्या ओळीत, आणि निकाल नेहमी खाली, टेस्ट संपल्यावर. सगळं सुरळीत असेल तर खालची ओळ बघून भागतं. पण टेस्ट मध्येच अडकली किंवा कर्नल ऊप्स होऊन आडवा झाला, तर खालची ओळ कधी छापलीच जात नाही. प्रिफिक्स खरा लागतो तो अशा वेळी.

पीआर_एफएमटी बदलला, फरक शून्य

सर्वात जास्त वेळा येणारी तक्रार. फाइलच्या डोक्यावर पीआर_एफएमटीची (पीआर_इन्फोसारख्या ओळींच्या सुरुवातीचा साचा) व्याख्या केली, पीआर_इन्फोच्या ओळी बदलल्या, केयुनिट_इन्फोच्या मात्र जशाच्या तशा. कारण साधं आहे: केयुनिट_लॉग हा मॅक्रो पीआर_इन्फोकडे जातच नाही, तो थेट प्रिंटके, म्हणजे कर्नलचं लॉगमध्ये छापायचं मूळ फंक्शन, बोलावतो. पीआर_एफएमटी फक्त पीआर_ने सुरू होणाऱ्या कुटुंबासाठी आहे. डेव्ह_इन्फो मंडळींचा वेगळा डेव्ह_एफएमटी असतो. कॅन ड्रायव्हरमध्ये सर्रास दिसणारी नेटडेव्ह_इन्फो मंडळी तर या दोन्हींच्या वाट्याला जात नाहीत.

ड्रायव्हरच्या स्वतःच्या पीआर_ ओळींना बदलता प्रिफिक्स हवा असेल, तर पीआर_एफएमटीमध्ये स्वल्पविराम टाकून आर्ग्युमेंट देता येतं:

    #डिफाइन पीआर_एफएमटी(एफएमटी) "%एस: " एफएमटी, बीटी_चालू_प्रिफिक्स()

ही व्याख्या पहिल्या इन्क्लूडच्या आधी हवी. नंतर लिहिली तर प्रिंटकेच्या हेडरने आपली रिकामी व्याख्या आधीच करून ठेवलेली असते; कंपायलर पुनर्व्याख्येची वॉर्निंग देतो, वॉर्निंगला एरर मानणारा कॉन्फिग असेल तर बिल्डच थांबतो. शिवाय मधल्या हेडरमधली इनलाइन फंक्शनं जुनीच व्याख्या घेऊन बसलेली असतात.

प्रिफिक्सची जागा: हॅशच्या उजवीकडे

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: बदलता प्रिफिक्स हॅश आणि टेस्टच्या नावानंतर बसतो, आणि तो आर्ग्युमेंट म्हणून जातो, फॉरमॅट स्ट्रिंगचा भाग म्हणून कधीच नाही.

जागेचं कारण पार्सरमध्ये आहे. केयुनिट.पाय आधी 'केटॅप व्हर्जन' (केटॅप म्हणजे कर्नलचा टेस्टचे निकाल छापायचा ठरलेला साचा) ही ओळ शोधतो. त्या शब्दांच्या डावीकडे जितकी अक्षरं असतील, टाइमस्टँप वगैरे, तेवढी लांबी मोजून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक ओळीची तेवढीच अक्षरं डावीकडून छाटतो. तिथे काय लिहिलंय ते बघत नाही, फक्त लांबी. तुम्ही ओळीच्या अगदी सुरुवातीला '८एम' आणि '१६एम' असे कमीजास्त लांबीचे प्रिफिक्स घातलेत की छाटणी भलत्या जागी होते, 'ओके' किंवा 'नॉट ओके' सुरुवातीला सापडत नाही, आणि टूल म्हणतं अकराव्या टेस्टची अपेक्षा होती, बारावी आली.

हाच घोळ प्रिफिक्स न लावताही होऊ शकतो. प्रिंटकेच्या टाइमस्टँपमध्ये सेकंदांसाठी पाच जागा असतात. १,००,००० वा सेकंद उजाडला की सहावा आकडा येतो आणि ओळ एका अक्षराने सरकते. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता बूट केलेला बोर्ड हा टप्पा शनिवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास ओलांडतो. नेमकी तेव्हा टेस्ट चालू असेल, तर 'केटॅप व्हर्जन' पाच आकड्यांच्या काळात छापलेलं आणि निकाल सहा आकड्यांच्या. सोमवारी पुन्हा चालवून बघितलं तर सगळं हिरवं! डीमेसेजने मिळणाऱ्या कर्नल लॉगऐवजी डीबगएफएस या डीबगसाठीच्या फाइलसिस्टिममधली सूटची (टेस्टच्या संचाची) 'रिझल्ट्स' फाइल पार्सरला दिली तर ही भानगडच नाही, कारण तिथे टाइमस्टँप नसतो. त्यासाठी केयुनिटचा डीबगएफएस कॉन्फिग चालू हवा.

निकालाच्या ओळीला तर हातच लावू नका. पॅरामीटरचं वर्णन तिथे छापलं जातं, त्यात हॅश घालणं हा आणखी एक हमखास घोटाळा: 'क्लॉक #३' असं वर्णन दिलं की पार्सरला तो निर्देशाचा ('स्किप'सारख्या सूचनेचा) हॅश वाटतो, आणि पुढे निर्देशासारखं काही नसल्याने ती ओळ निकाल म्हणून ओळखलीच जात नाही. 'क्लॉक-३' लिहा. वर्णनासाठी १२८ बाइटची जागा असते, तेवढी पुष्कळ झाली.

आता आर्ग्युमेंटचं. प्रिफिक्स रनटाइमला बनतो, फॉरमॅट स्ट्रिंग कंपाइलच्या वेळी जोडली जाते; त्यामुळे चार-बफरमधला प्रिफिक्स फॉरमॅटला चिकटवताच येत नाही. मग काही जण प्रिफिक्स आणि मेसेज एका बफरमध्ये लिहून तो बफरच फॉरमॅट म्हणून देतात. प्रिफिक्समध्ये '८७.५%' आलं की प्रिंटके पुढची अक्षरं फॉरमॅटची समजून स्टॅकवरचं काहीतरी उचलतो. बरोबर रूप हे:

    #डिफाइन बीटी_इन्फो(टेस्ट, एफएमटी, ...) \
        केयुनिट_इन्फो(टेस्ट, "[%एस] " एफएमटी, बीटी_प्रिफिक्स(टेस्ट), ##__व्हीए_आर्ग्ज__)

आणि लॉगमध्ये:

    # बिटटायमिंग_टेस्ट: [२४एम-५००के] सॅम्पल पॉइंट ८५० आला, ८७५ हवा होता

मॅक्रोऐवजी फंक्शनच हवं असेल (बऱ्याच फाइलींतून बोलवायचं असतं तेव्हा ते बरं पडतं), तर व्हीए_फॉरमॅट स्ट्रक्चर भरून %पीव्ही वापरा, आणि फंक्शनला प्रिंटएफचं ॲट्रिब्यूट न विसरता लावा. ते नसेल तर कंपायलर फॉरमॅट तपासत नाही आणि %डीच्या जागी पॉइंटर गेलेला कोणाच्या लक्षात येत नाही.

लेव्हलबद्दल थोडक्यात: केर्न_एरर मेसेजच्या आत लिहू नका. लेव्हल म्हणजे एक अदृश्य अक्षर आणि एक आकडा. प्रिंटके तो फक्त अगदी सुरुवातीला ओळखतो. आत पडला तर मेसेजच्या तोंडी विनाकारण '३' चिकटलेला दिसतो. केयुनिट_एरर आहे ना, तो वापरा. तसंच आधी प्रिफिक्स छापून मग पीआर_कॉन्टने मेसेज जोडणंही सोडून द्या. दुसऱ्या कोअरची ओळ मध्ये घुसते आणि प्रिफिक्स एकीकडे, मेसेज दुसरीकडे. एक ओळ, एक प्रिंटके.

प्रिफिक्स मागच्या पॅरामीटरचा

प्रिफिक्स ठेवायचा कुठे? ग्लोबल चार-ॲरेमध्ये नक्कीच नाही. केयुनिटने यासाठीच टेस्ट->प्रायव्ह दिलाय. सूटच्या इनिट फंक्शनमध्ये एक छोटं स्ट्रक्चर केयुनिट_केझेडअलॉकने घ्या, त्यात ४८ बाइटची प्रिफिक्सची जागा, आणि टेस्ट->पॅराम_व्हॅल्यू वाचून एससीएनप्रिंटएफने भरा. इनिट प्रत्येक पॅरामीटरसाठी पुन्हा चालतो आणि तेव्हा पॅराम_व्हॅल्यू आधीच बसलेला असतो, म्हणून हीच योग्य जागा. सूट_इनिट नव्हे, तो पूर्ण सूटसाठी एकदाच चालतो. वीसही ओळींवर पहिल्याच पॅरामीटरचं किंवा रिकामं नाव दिसत असेल तर बहुतेक वेळा प्रिफिक्स सूट_इनिटमध्ये भरलेला सापडतो.

एसएनप्रिंटएफ न घेता एससीएनप्रिंटएफ का? पहिला 'लिहायला किती हवं होतं' ते परत देतो, दुसरा 'किती लिहिलं' ते. प्रिफिक्स तुकड्यातुकड्याने जोडताना पहिल्याचा आकडा ऑफसेट म्हणून धरलात आणि जागा कमी पडली, तर पुढचं लिखाण बफरच्या बाहेर.

दुसरी गोष्ट जास्त चावरी आहे. केयुनिट_केझेडअलॉकने घेतलेली मेमरी प्रत्येक पॅरामीटरच्या शेवटी परत जाते, पण जुन्या कर्नलमध्ये टेस्ट->प्रायव्ह पॉइंटर आपोआप नल होत नव्हता. इनिटमध्ये 'प्रायव्ह असेल तर तोच वापर' असं शहाणपण केलं असेल, तर दुसऱ्या पॅरामीटरला सोडून दिलेल्या मेमरीकडे बोट दाखवणारा पॉइंटर मिळतो. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) चालू असेल तर लगेच ओरडतो. नसेल तर प्रिफिक्समध्ये कधी मागचं नाव, कधी कचरा. इनिटमध्ये दरवेळी नवं घ्या, एक्झिटमध्ये प्रायव्ह नल करा. विषय संपला.

प्रिफिक्समध्ये नावाऐवजी नंबर टाकणाऱ्यांसाठी: टेस्ट->पॅराम_इंडेक्स शून्यापासून मोजतो, निकालाची ओळ एकपासून. आपला २४एम-५००के इंडेक्समध्ये १० आणि निकालात ११. नंबर छापायचाच असेल तर एक मिळवून छापा, नाहीतर लॉग वाचणारा शेजारच्या २४एम-१एमचा दोष याच्या माथी मारेल.

आकडे एक सोडून एक

ओळींना क्रमांक द्यावा म्हणून कोणी प्रिफिक्समध्येच ॲटॉमिक_इंक_रिटर्न बोलावतं. डीमेसेजमध्ये १, ३, ५ दिसतात. मधल्या ओळी हरवल्या म्हणून बफर वाढवला जातो, सिरियल केबल बदलली जाते, काही उपयोग होत नाही. मग डीबगएफएसची रिझल्ट्स फाइल उघडली की तिथे २, ४, ६!

ओळी हरवलेल्या नाहीत. केयुनिट_लॉग आर्ग्युमेंट दोनदा मोजतो: एकदा प्रिंटकेला देताना, एकदा केयुनिटच्या स्वतःच्या लॉगमध्ये जोडताना. प्रत्येक वेळी काउंटर पुढे सरकतो. वेळ छापणाऱ्या प्रिफिक्सचंही तेच. दोन्हीकडच्या वेळा किंचित वेगळ्या निघतात आणि जुळवणी करणारी स्क्रिप्ट गोंधळते. प्रिफिक्स देणाऱ्या फंक्शनने फक्त वाचायचं, काही बदलायचं नाही. काउंटर हवाच असेल तर मॅक्रोच्या आत आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि ते व्हेरिएबल पुढे द्या.

वर्कक्यू आणि टायमरमधल्या ओळींना प्रिफिक्सच नाही

ड्रायव्हरच्या पोटातून चालू टेस्ट कुठली हे विचारायला केयुनिट_गेट_करंट_टेस्ट आहे. तो चालू टास्कच्या स्ट्रक्चरमध्ये बघतो. प्रत्येक टेस्ट स्वतःच्या कर्नल थ्रेडवर चालते, त्या थ्रेडपुरतं उत्तर बरोबर येतं. वर्कक्यूचं, म्हणजे नंतर करायला रांगेत टाकलेलं, काम वेगळ्या थ्रेडवर चालतं, इंटरप्ट तर कोणाच्याही डोक्यावर येऊन बसतो. वर्कक्यूत उत्तर नल येतं, इंटरप्टमध्ये तो कुठल्या टास्कच्या डोक्यावर बसला त्यावर अवलंबून. नल न तपासता प्रायव्ह वाचलात तर टेस्टऐवजी कर्नलच पडतो. म्हणून बीटी_चालू_प्रिफिक्समध्ये नल आला की '-' परत द्या.

टास्कचं नाव प्रिफिक्स म्हणून वापरायची युक्ती इथे चालत नाही. टास्कच्या नावाला १६ बाइट मिळतात, शेवटचा नलचा, आणि केयुनिटच्या थ्रेडचं 'केयुनिट_ट्राय_कॅच_थ्रेड' हे नाव तेवढ्यात बसत नाही; कापून 'केयुनिट_ट्राय_कॅच' उरतं, मूळ स्पेलिंगमध्ये बरोबर १५ अक्षरं. सगळ्या टेस्टना तेच नाव. दाराला 'रहिवासी' अशी पाटी लावण्यातला प्रकार.

वर्कक्यूसाठी खरा उपाय म्हणजे टेस्टचा पॉइंटर स्वतःहून सोबत नेणं. वर्क_स्ट्रक्ट तुमच्याच कॉन्टेक्स्ट स्ट्रक्चरमध्ये ठेवा, त्यातच टेस्टचा पॉइंटर, आणि कामाच्या फंक्शनमध्ये कंटेनर_ऑफने परत मिळवा. मात्र टेस्ट संपण्याआधी ते काम संपलं पाहिजे. केयुनिट_ॲड_ॲक्शनने कॅन्सल_वर्क_सिंक नोंदवून ठेवा. नोंदणी उलट्या क्रमाने चालते, म्हणून आधी मेमरी घ्या आणि मग ही ॲक्शन नोंदवा. शेवटी आधी काम थांबेल, मग मेमरी सुटेल. कॅन्सल_वर्क_सिंकचा प्रकार ॲक्शनशी जुळत नाही, तिथे पॉइंटर कास्ट न करता छोटं रॅपर फंक्शन लिहा. कास्ट केलेलं सीएफआय (फंक्शन पॉइंटरचा प्रकार जुळतो का ते पाहणारी तपासणी) चालू असलेल्या कर्नलवर कोसळतं.

प्रिफिक्समध्ये 'सेटअप', 'रन', 'क्लीनअप' असा टप्पाही दाखवायचा असतो बऱ्याच जणांना. चालू टेस्टमध्ये तोच चार-ॲरे पुन्हा लिहायला गेलात तर वर्कक्यूतला वाचक अर्धं जुनं, अर्धं नवं वाचेल. टप्प्यासाठी कायम स्ट्रिंगकडे जाणारा पॉइंटर ठेवा आणि राइट_वन्स, रीड_वन्सने बदला-वाचा. आणि प्रिफिक्स छापतानाच के-एएसप्रिंटएफने मेमरी मागू नका. स्पिनलॉकच्या आतून ओळ छापली की कर्नल 'झोपणारं फंक्शन चुकीच्या जागी' म्हणून तक्रार करतो.

फक्त कुठल्या थ्रेडने किंवा कोअरने ओळ छापली एवढंच हवं असेल, तर हा सगळा खटाटोप कशाला? प्रिंटके_कॉलर हा कॉन्फिग चालू करा, प्रत्येक ओळीला थ्रेडसाठी 'टी' आणि इंटरप्टमध्ये असेल तर कोअरसाठी 'सी' लावून नंबर मिळतो. पीआर_डीबगच्या ओळींना डायनॅमिक डीबगच्या कंट्रोल फाइलमध्ये एफ, एल, टी हे फ्लॅग दिले की फंक्शन, ओळ क्रमांक आणि थ्रेड येतात, तेही पुन्हा कंपाइल न करता.

केयुनिट_एक्स्पेक्टच्या ओळी

एवढं करूनही 'एक्स्पेक्टेशन फेल्ड' या ओळीला तुमचा प्रिफिक्स नसतो, कारण ती केयुनिट स्वतः छापतो. तिथे शेवटी _एमएसजी असलेलं रूप वापरा आणि मेसेजमध्ये "[%एस]" सह बीटी_प्रिफिक्स द्या. ओळी लांब होतात, पण डिफॉल्ट ३०० सेकंदांची मुदत संपून टेस्ट मारली गेली तर शेवटचा दुवा याच ओळी देतात.

बसवल्यावर तपासणी

टेस्टमध्ये तात्पुरतं केयुनिट_फेल टाकून वीसही पॅरामीटर मुद्दाम पाडा. केयुनिट.पायला सूटच्या नावापुढे टिंब आणि टेस्टचं नाव देऊन तेवढीच टेस्ट चालवा, रॉ आउटपुट चालू ठेवून. प्रत्येक 'नॉट ओके'च्या वरच्या ओळींतला चौकटी कंसातला मजकूर आणि त्या निकालातलं वर्णन एकच आहे ना ते वीस वेळा बघा. दोन्ही मजकूर एकाच फंक्शनमधून बनवले असतील तर ते जुळतीलच. वेगवेगळ्या जागी हाताने लिहिले असतील तर तीन-चार तरी चुकलेले निघतात. मग तोच लॉग रॉ न ठेवता पार्सरमधून काढा: वीस पडलेल्या, शून्य गायब. एखादी जरी गायब निघाली तरी पुन्हा हॅशच्या डावीकडे काय शिरलंय ते शोधायला लागा.